मास्तरांची पागा, डिचोली तालुका, गोवा: मास्तर गेल्यानंतर लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना फक्त एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी आधीच लिहिते. पागा चालू आहे, घोडे विकलेले नाहीत, सकाळच्या बॅचेस भरतायत आणि मुलांना पाठवायला काहीही हरकत नाही. घोडेस्वारी शिकवायची ही पागा सुरू करणारे मास्तर चवथीच्या आधी वारले, तेव्हापासून म्हापशापासून फोंड्यापर्यंतच्या ओळखीच्या पालकांचे मेसेज येतायत की आता शिकवणार कोण, मोठी घोडी तिथेच आहे ना, भरलेल्या फीचं काय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. माझी मुलगी प्रायमरीत असल्यापासून तिथे शिकतेय, नंतर मी स्वतःही शिकले, त्यामुळे मास्तर असतानाची पागा आणि आताची पागा दोन्ही जवळून बघितल्यात. नाव मुद्दाम टाकत नाही, घरच्यांना सध्या जाहिरात नकोय. डिचोली बाजारात कुणालाही घोडेवाल्या मास्तरांची पागा विचारलीत तर रस्ता सांगतील.

मास्तर इथलेच. तरुणपणी घर सोडून रेसच्या घोड्यांकडे कामाला लागले, पावसाळ्यात पुण्याचा रेसकोर्स आणि थंडी सुरू झाली की मुंबईला महालक्ष्मी. रेसिंगचा सीझनच तसा फिरतो आणि घोडे, ट्रेनर, जॉकी, मोतद्दार सगळा लवाजमा त्याच्या मागून फिरतो. आधी मोतद्दार म्हणून लीद काढली, खरारा केला, मग पहाटेच्या अंधारात घोडे ट्रॅकवर फिरवायचं काम मिळालं, आणि हळूहळू बिघडलेला, अंगावर येणारा घोडा असला की तो मास्तरांच्या हातात द्यायचा अशी पद्धत पडली. गावाला परतले ते रेसमधून काढलेले दोन थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे, घेऊन. त्या वेळी गावातल्या लोकांना वाटलं होतं की हे आता बीचवर टुरिस्ट फिरवणार, सीझनला चांगले पैसे आहेत त्यात. त्यांनी एकही घोडा बीचवर नेला नाही. वडिलांच्या जमिनीवर चिऱ्यांची पागा बांधली, पुढे मातीचं मैदान सपाट केलं आणि गावातल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली, पहिली कितीतरी वर्षं तर फुकटच.

रेसमधून आलेला घोडा आणि शाळकरी पोराला पाठीवर घेणारा घोडा यात किती अंतर असतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. रेसचा घोडा दोन वर्षांचा असतानाच ट्रॅकवर उतरतो, लगाम ताणला गेला की त्यावर रेलायचं आणि जोर लावायचा हीच सवय त्याला लागलेली असते. आणि नवीन शिकणारा माणूस घाबरला की काय करतो, तर लगाम ओढतो. म्हणजे स्वार जेवढा ओढणार तेवढा घोडा पळणार. मास्तर अशा घोड्याच्या पाठीवर महिनोन्‌महिने कुणालाच बसू देत नसत. लांब दोरीवर गोलात चालवायचं, थांबवायचं, परत चालवायचं, आवाज बदलला की चाल बदलायची, दोरी ढिली असतानाही घाईत सुटायचं नाही, रोज तेच. मग मैदानाच्या कडेला नुसतं उभं राहायला शिकवायचं. धावायला शिकवणारे खूप आहेत, घोड्याला उभं राहायला शिकवणं हे खरं काम, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला घोडा ओळखू यायचा तो याच्यावरून, की पाठीवर बसताना तो पाऊलभरही पुढे सरकत नाही.

पहिल्या दिवशी घोड्यावर बसायला मिळत नाही, अजूनही नाही. नवीन पालकांची ही पहिली तक्रार असते. पहिले काही दिवस मुलांनी खरारा करायचा, खूर उचलून आतली माती आकड्याने काढायची, पाणी भरायचं, लीद गोळा करायची. एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त, त्या बादल्या वाहताना मुलांना जे कळतं ते सांगून कळत नाही. घोड्याजवळ जायचं कसं हे त्यातच येतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या मागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही, म्हणून मागून जायचं नाही, डाव्या खांद्याच्या बाजूने आवाज देत जायचं आणि आधी मानेवर हात ठेवायचा. माझ्या मुलीला सुरुवातीला इतकी भीती वाटायची की ती कुंपणाच्या आत यायलाच तयार नव्हती. मास्तरांनी तिला एकदाही बोलावलं नाही. तिच्या बाजूला कुंपणाला टेकून उभे राहिले, घोडीशी बोलले नाहीत आणि तिच्याशीही नाही, आपलं दोरीची गाठ सोडवत बसले. शेवटी तीच म्हणाली, मी पाणी दिलं तर चालेल का. ते म्हणाले, ‘मात्शें राव (जरा थांब), आधी तिला विचार.’ आणि कसं विचारायचं ते दाखवलं, तळहात उघडा ठेवायचा, घोडीनं स्वतः मान पुढे आणून वास घेतला की मग.

आता वजनाची गोष्ट, कारण या पागेबद्दलचे जे थोडे वाईट रिव्ह्यू दिसतील ते बहुतेक याच कारणावरून आहेत. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको, असं एक ढोबळ माप घोडेवाले लोक पाळतात. पागेत कानांची टोकं एकमेकांना लागतात तशी एक काठियावाडी घोडी आहे, अंगाने आटोपशीर. असल्या घोडीचं वजन ३५० किलो धरलं तर पाठीवर खोगीरासकट ७० किलो झाले की संपलं. मास्तरांनी दारातच वजनकाटा ठेवलाय आणि त्यावर सगळ्यांना उभं राहावं लागतं, पंच असो की पाहुणा. एकदा माझ्यासमोर हॉटेलातून एक ग्रुप आला होता, आधी बुकिंग केलेलं, त्यातल्या दोघांचं वजन बसेना. ते म्हणाले डबल पैसे देतो, फक्त फोटोपुरतं. मास्तरांनी त्यांना खुर्च्या दिल्या, कोकम सरबत दिलं, पैसे सगळ्यांचे परत केले आणि शांतपणे सांगितलं की घोडीला ना बोलता येत नाही, तिच्या वतीने मी बोलतोय. आवाज चढवला नाही. ते लोक चिडून गेले आणि तसा रिव्ह्यूही टाकला. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की माझी मुलगी दुसरीकडे कुठे शिकणार नाही, कारण ज्या ठिकाणी पैसे समोर असताना नाही म्हणता येतं त्या ठिकाणी माझ्या मुलीलाही तेवढंच जपलं जाणार.

गावाच्या लेखी मात्र ते आधी पंच होते आणि मग घोडेवाले. मास्तरांनी पंचायतीत जे केलं ते पागेपासून वेगळं काढताच येत नाही. आमच्या भागात खाणींचे ट्रक चालायचे तेव्हाचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना ती लाल धूळ वेगळी सांगायला नको, घराच्या कौलांवर, भातावर, मुलांच्या युनिफॉर्मवर सगळीकडे तीच. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी ट्रक थांबले पाहिजेत म्हणून मास्तर रोज सकाळी शाळेच्या वळणावर जाऊन उभे राहायचे, ओरडणं नाही, घोषणा नाही, नुसतं उभं राहणं. ट्रकवालेही गावचेच होते ना, कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी. भांडण लावून ते काम झालंच नसतं. ट्रकवाल्यांना घरी बोलावून, त्यांच्या फेऱ्यांचा हिशोब समजून घेऊन, किती वेळ थांबलं तर किती नुकसान हे कागदावर मांडून मग ती वेळ ठरवली आणि ती पाळली गेली.

मग २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये परत थांबल्या. दारात बँकेच्या कर्जावरचे ट्रक उभे आणि घरात कमाई नाही. ज्या माणसाने ट्रकांसमोर उभं राहून वेळ मागितली होती तोच तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरी जात होता, बँकेच्या पत्रांना उत्तरं लिहून देत होता, पोरांची शाळा सुटू नये म्हणून हेडमास्तरांकडे जाऊन बसत होता. पागेत आज जे दोन मुख्य मुलगे काम करतात ते दोघेही अशाच घरातले. एकाला मास्तरांनी नाल मारायचं काम शिकायला बाहेर पाठवलं, कारण इथे नालबंद मिळणं फार कठीण आणि दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलावेच लागतात. आज तो मुलगा आजूबाजूचे इतर घोडेही करतो आणि त्याचं घर त्यावर चालतं. हे मास्तर कधी सांगायचे नाहीत, मला त्या मुलाच्या आईनं सांगितलं.

शिगम्याचं, म्हणजे आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणाचं, तर काय लिहू. घोडेमोडणी आमच्या डिचोली-सत्तरीची, कमरेला लाकडी घोडा बांधून, डोक्याला फुलांचा साज, हातात तलवार, पायात घुंगरू आणि ढोल-ताशांच्या तालावर तो नाच. राणे सरदारांच्या लढाईतल्या विजयाची ती आठवण असं आमच्याकडे सांगतात. मास्तर कितीतरी वर्षं स्वतः नाचले. खऱ्या घोड्यावर बसणारा माणूस लाकडी घोडा घेऊन नाचतो तेव्हा त्या लाकडात काय जीव यायचा ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत, मान वळवणं, अडखळणं, एकदम उसळणं, सगळं खऱ्या घोड्याचं. आणि खऱ्या घोड्यांना ढोलाची भीती वाटू नये म्हणून शिगम्याच्या आधी ते ढोलवाल्या पोरांना सांगून सराव पागेपासून लांब शेताच्या टोकाला ठेवायचे, तोही घोड्यांच्या खाण्याच्या वेळी, मग रोज थोडं थोडं जवळ आणायचे. घोडा चणे खाताखाता ढोल ऐकतो, त्याच्या डोक्यात ढोल म्हणजे चणे असं बसतं. शेवटी शेवटी तर ढोल वाजला की घोडेच दाराकडे यायचे.

एका वर्षी मांडावर, म्हणजे शिगमो जिथून सुरू होतो त्या गावच्या पवित्र जागेवर, कुणाचा मान आधी यावरून दोन वाड्यांत जुंपली होती, शिगमोच होणार नाही अशी पाळी आलेली. ग्रामसभेत लोक खुर्च्यांवरून उठून बोलत होते. मास्तर मधे पडले नाहीत. दोन्ही वाड्यांच्या वडीलधाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी पागेत बोलावलं, चहा पाजला, घोड्यांबद्दल बोलत राहिले आणि मूळ विषय त्यांनीच काढेपर्यंत वाट बघितली. हे बरेच दिवस चाललं. मला वाटतं त्यांना एकच गोष्ट येत होती आणि ती त्यांनी घोड्यांसाठी, पोरांसाठी आणि गावासाठी तिन्ही ठिकाणी वापरली, की समोरच्याला भीती वाटत असेल तोपर्यंत काही मागायचं नाही. शिगमो झाला त्या वर्षी, दोन्ही वाडे एकत्र उतरले.

गेले त्या दिवशी बाजारातली दुकानं कुणी न सांगता बंद होती. शोकसभा देवळाच्या सभामंडपात झाली आणि बोलायला जे उठले ते मोठे कुणी नव्हते, बालवाडीची बाई बोलली, एक ट्रक ड्रायव्हर बोलला, स्मशानात पावसात प्रेत भिजायचं ते शेड कसं झालं हे एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं आणि ते सांगताना त्यांना पुढे बोलताच येईना. पणजीहून कुणी येतंय का याची वाट कुणी बघितली नाही. मला अजूनही राग येतो की एवढ्या माणसाच्या जाण्याची पेपरात दोन ओळींची बातमी आली, तीही आतल्या पानावर.

आता मुख्य प्रश्न, मास्तर नसताना पागा कशी आहे. मास्तरांची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणतो, ती सगळं बघतेय. ती लहानपणापासून घोड्यांवर आहे आणि शेवटची काही वर्षं मास्तरांच्या गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष शिकवायचं काम तीच करत होती, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बाराव्यानंतर लगेच तिने बॅचेस सुरू केल्या. काही जणांना ते घाईचं वाटलं, पण घोड्यांना सुतक नसतं, ते चार-पाच दिवस नुसते बांधून राहिले तरी पाय सुजतात, अंगात मस्ती भरते आणि मग पोरांना बसवणं धोक्याचं होतं. दिवस चालू असतानाही ती आणि ते दोघे मुलगे रोज पहाटे घोडे फिरवत होते.

माझ्या मनात जी काही शंका होती ती एका संध्याकाळी गेली. मुलीला आणायला गेले होते, तेव्हा एक घोडी सारखी मान वळवून पोटाकडे बघत होती, पुढच्या पायाने माती उकरत होती, चारा तसाच पडलेला. मला काही विशेष वाटलं नसतं. नालबंद मुलाने एका नजरेत ओळखलं, पोटशूळ. घोड्याला उलटी करताच येत नाही, त्यामुळे पोटात गॅस झाला, आतडं अडलं किंवा पिळलं तर बाहेर पडायला वाट नसते आणि काही तासांत घोडा जाऊ शकतो. त्याने आधी पुढचा चारा उचलला. ताईने जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून घड्याळ लावून नाडी मोजली, घोड्याची नाडी आरामात असताना मिनिटाला ३० ते ४० च्या मध्ये असते, ती पन्नासच्या वर गेलेली, मग बरगडीच्या मागे कान लावून पोटाचा आवाज ऐकला, हिरड्या बघितल्या, शेवटची लीद कधी टाकली ते वहीत बघितलं आणि हे सगळं फोनवर डॉक्टरांना एका दमात सांगितलं. डॉक्टर येईपर्यंत घोडी खाली पडून लोळू नये म्हणून हळूहळू चालवत होते. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं. रात्री उशिरा तिने लीद टाकली तेव्हा सगळे त्या लिदीकडे बघून रडत होते, मी पण. ती वही मास्तरांनी सुरू केलेली, प्रत्येक घोड्याचं रोजचं खाणं, पाणी, लीद, नाल, जंताचं औषध, धनुर्वाताची लस सगळं त्यात असतं आणि आजही ती रोज भरली जाते. मी नंतर मुद्दाम पानं उलटून बघितली, मास्तर गेले त्या दिवसाचीही नोंद आहे, घोड्यांची.

पावसाळ्याचं व्यवस्थापनही तसंच चालू आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आमचा भाग घाटाच्या पायथ्याचा. घोडा हा मुळात कोरड्या हवेचा प्राणी. खूर सतत ओले राहिले की मधला मऊ भाग कुजतो, काळं घाण वासाचं पाणी येतं, म्हणून चिऱ्यांच्या जमिनीवर रबराची मॅट, त्यावर कोरडा भुसा आणि दिवसातून दोनदा खूर कोरडे करणं. गोमाशा चावून सर्रा नावाचा रक्तातला आजार पसरतो म्हणून पागेला जाळ्या आणि संध्याकाळी धूर. दमट हवेत काही घोड्यांना घामच येईनासा होतो, ते आतून तापत राहतात. मास्तर मुलांना सांगायचे की जुन्या काळी होर्मुझहून जहाजाने अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि इथून विजयनगरला, विजापूरला जायचे, आणि मग मुलांना विचारायचे की त्यांना इथे उतरल्यावर सगळ्यात आधी काय लागलं असेल. सावली, पाणी आणि मीठ, हे उत्तर आता प्रत्येक पोराला पाठ आहे. ऊन चढलं की क्लास बंद, मग कुणी कितीही लांबून आलेलं असो.

म्हातारे घोडे ठेवलेत, हे फार महत्त्वाचं. कुठलीही रायडिंगची जागा बघायला गेलात तर तिथे हा एक प्रश्न विचारा की काम न होणाऱ्या घोड्यांचं तुम्ही काय करता. इथे मास्तरांनी आणलेल्या त्या पहिल्या दोघांपैकी एक अजून आहे, पंचवीस पार केलेला, दात झिजलेत म्हणून त्याला चारा बारीक कापून आणि कोंडा भिजवून देतात. त्याच्यावर कुणी बसत नाही. त्याचा खर्च चालू बॅचेसच्या फीमधूनच निघतो आणि मला त्यात काहीही खटकत नाही, उलट मी फी भरते त्यातलं हे मला सगळ्यात आवडतं.

ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्याही लिहिते. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत, मेसेज करून ठेवावा लागतो आणि उत्तर दुपारीच येतं. काही हेल्मेट जुनी झालीत. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी ते बदललंच पाहिजे, हे मी ताईशी बोलले आणि तिने नवीन मागवलीत, पण मोठ्यांच्या साइजची अजून आलेली नाहीत, असेल तर स्वतःचं आणा. बाथरूमची अवस्था बरी नाही, बायकांसाठी वेगळं असायला हवंच. नवीन ठेवलेला एक मदतनीस पोरांवर आवाज चढवतो, मास्तर असते तर हे चाललं नसतं, आणि ताईने त्याला बाजूला घेऊन समजावताना मी पाहिलंय. कार्यक्रमाच्या दिवशी पार्किंगचे हाल होतात.

आणि एक गोष्ट खरंच कमी झालीय, ती कशी भरून निघेल मला कळत नाही. क्लास संपल्यावर मास्तर पायरीवर बसायचे आणि पालकही बसायचे, तिथे कुणाच्या घरपट्टीचं, कुणाच्या मुलाच्या ॲडमिशनचं, कुणाच्या विहिरीचं निघायचं आणि बऱ्याच गोष्टी तिथेच सुटायच्या. आता लोक मुलाला गाडीत घालून लगेच निघतात. ताईकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही, तिला पागाच पुरेशी आहे. पण आपण पालक थोडं थांबू शकतो, निदान एकमेकांशी बोलू शकतो, असं मला फार वाटतं आणि मी तरी थांबते.

स्टार पूर्ण पाच देतेय, वरच्या सगळ्या तक्रारी धरून. शिकवण्याचे, घोड्यांच्या निगेचे आणि खरेपणाचे.

जायचं असेल त्यांच्यासाठी: बॅचेस सकाळी लवकर असतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर, त्यामुळे आदल्या रात्रीच वेळ पक्की करा. पावसात बाहेरची रपेट बंद, फक्त निगा आणि जमिनीवरचं काम शिकवतात आणि लहान मुलांनी सुरुवात करायला खरं तर तोच काळ चांगला. सपाट स्पोर्ट्स शूज नकोत, थोडी टाच असलेला बंद बूट घाला म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. फुल पँट हवी. परफ्यूम मारून जाऊ नका. मैदानात मुलांचे फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, छत्री कुंपणाबाहेर मिटूनच आत या. गाजरं न्यायची असतील तर लांब फोडी करून न्या, गोल चकत्या घशात अडकू शकतात, आणि घोड्याला थेट भरवू नका, आधी ताईला विचारा. मास्तर असताना भरलेल्या फीचं विचारणाऱ्यांसाठी, ती सगळी वहीत आहे, माझी होती ती पुढच्या बॅचमध्ये न मागता धरली गेली, तुमचीही धरतील, आणि क्लास सोडायचा असेल तर उरलेले पैसे परत मिळतात.